तीन लिटर ऑइलची ग्रामसभा

जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात कुणाला एकटं वाटत असेल तर त्यावर एक हमखास उपाय आहे. जुनी पेट्रोलची गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायची आणि बॉनेट उघडायचं. गाडी बिघडलेलीच पाहिजे असं काही नाही. बॉनेटला टेकू देणारी सळई खाचेत बसेपर्यंत दोन माणसं आलेली असतात. तिसरा मोटारसायकल स्टँडवर लावत असतो. चौथा उसाला पाणी धरून आलेला असतो. त्याच्या खांद्यावर फावडं असतं, आणि तो इंजिनाकडे अशा नजरेनं बघतो की आपण नकळत मध्ये जाऊन उभे राहतो.

प्रश्नांचा क्रम ठरलेला आहे. पहिला, "काय झालं?" दुसरा, "कितचं मॉडेल?" या दोन्हींची उत्तरं कुणी ऐकत नाही. ते नुसते घसा साफ करण्यापुरते असतात. खरा प्रश्न तिसरा.

"ऑइल कोणतं टाकता?"

याला बरोबर उत्तर नाही. काहीही सांगा, समोरचा आधी दातांतून हवा आत ओढतो, मग मान हलवतो आणि म्हणतो, "तिथंच गणित चुकलं."

हीच माणसं कांद्याच्या भावावर बोलताना किती जपून बोलतात! टोमॅटोवर तर कुणी छातीठोक बोलतच नाही. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला, आणि दिवाळीच्या आत तोच टोमॅटो तोडणीची मजुरी सुटेना अशा भावावर आला. असा मार खाल्लेला माणूस भाकीत करत नाही, "बघू" म्हणतो. ऑइलचं तसं नाही. चुकीचं ऑइल टाकलेलं इंजिन लगेच मरत नाही. ते आठ-दहा वर्षं कुरकुरत जगतं, आणि मरतं तेव्हा सल्ला कुणाचा होता ते कुणाच्या लक्षात नसतं. ज्याचा पंचनामा होत नाही तो सल्ला द्यायला माणूस कायम मोकळा. म्हणून इकडे टोमॅटोवर मौन आणि ऑइलवर प्रवचन.

आमची गाडी मारुती. नुसतं 'मारुती' म्हटलं की आठशेच समजायची. बाकीच्यांना नावं लागतात. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मारुती ८०० ची चावी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत ती तालुक्याच्या डॉक्टरकडून हायस्कुलाच्या हेडमास्तरांकडे, तिथून सोसायटीच्या सचिवाकडे आणि शेवटी ज्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं अशा भावकीतल्या माणसाकडे उतरत आली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. मागची सीट काढली की दुधाचे कॅन, बसवली की लेण्याद्रीला निघालेल्या पाच बायका. पंधरा वर्षं झाली की एमएच-१४ च्या दारात पुन्हा पासिंग, वर पर्यावरणाचा कर. तरी विकायचं कुणी नाव काढत नाही. विकून येतील त्या पैशात फार तर दोन-चार शेळ्या येतात, आणि शेळीवर बसून लेण्याद्रीला जाता येत नाही.

या गाडीबरोबर मालकासाठी एक पुस्तिका मिळते. ती डाव्या बाजूच्या कप्प्यात विम्याचे कागद, अंगाऱ्याची पुडी आणि कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका यांच्याखाली असते. तिच्यात ऑइलच्या पानावर तापमानाच्या पट्ट्यांचं चित्र आहे: बाहेरची हवा इतकी ते इतकी असेल तर हे ऑइल, नाहीतर ते. आपल्या हवेवर बोट ठेवलं की ते सरळ २०डब्ल्यू-४० वर जातं, म्हणजे मेस्त्री लोकांचं 'ट्वेन्टी-फॉर्टी'. प्रश्न संपला. पण इतकं सरळ उत्तर इकडे कुणाला पटत नाही. छापलेलं आहे, फुकट आहे आणि कुणाची ओळख काढावी लागत नाही, म्हणजे त्यात काहीतरी गोम असणारच.

आकड्यांचीही मोठी मौज आहे. डब्ल्यू म्हणजे विंटर, तेव्हा पहिला आकडा थंडीचा. विसाचं ऑइल उणे पंधरा अंशांना इंजिन फिरू देतं की नाही ते प्रयोगशाळेत तपासतात. पंधराचं उणे विसाला, दहाचं उणे पंचविसाला, पाचाचं उणे तिसाला आणि शून्याचं उणे पस्तिसाला. आता जुन्नरची थंडी नावाजलेली, हे कबूल. पारा सात-आठवर आला की द्राक्षवाले रात्री बागेत शेकोट्या पेटवतात आणि सकाळी एसटी स्टँडवर माणसांचे नुसते डोळे दिसतात. पण उणे पंधरा? शिवनेरीवर ज्या दिवशी उणे पंधरा अंश होतील, त्या दिवशी गाडी सुरू होते की नाही हा प्रश्न पहिल्या शंभरात येणार नाही.

दुसरा आकडा गरम इंजिनाचा. शंभर अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहतं ते तो सांगतो. तीस म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, चाळीस म्हणजे १२.५ ते १६.३. इंजिनाच्या पोटात एकदा भट्टी पेटली की बाहेर माळशेजचं धुकं आहे की आळेफाट्याचं ऊन, याचा त्याला फारसा फरक पडत नाही. "आमच्याकडची हवाच वेगळी" हे वाक्य इकडे गावठी कोंबडीपासून ग्रामपंचायतीच्या निकालापर्यंत सगळ्याला लागू पडतं. इंजिनाच्या पोटात लागू पडत नाही.

हे सगळं मी मामांना सांगून पाहिलं. मामा आंबेगाव तालुक्यातले. घोडेगावच्या बाजूला जमीन, डिंभ्याच्या पाण्यावर ऊस, दारात दोन ट्रॅक्टर. मामांचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावतं: घट्ट ते चांगलं. दूध, पिठलं, मैत्री आणि ऑइल.

माझ्या डब्यातलं ऑइल त्यांनी दोन बोटांत घेऊन चोळलं आणि बोटं धोतराला पुसली.

"हे पाणी कुठून आणलं?"

"ट्वेन्टी-फॉर्टी आहे, मामा. पुस्तिकेत लिहिलंय."

"पुस्तिका लिहिणारा कधी नांगरायला आला होता? मपल्या बादलीतलं घे. ट्रॅक्टर दिवसभर राबतो, हूं की चूं करत नाही. तुपली ही खेळण्यातली गाडी. तिला काय धाड भरलीय?"

त्यांची बादली वीस लिटरची. ऑइल संपेपर्यंत ती बसायला असते आणि संपली की पाणी तापवायला. मी तिच्या मागची बारीक अक्षरं वाचायला वाकलो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ऑइलला अक्षरं देते: पेट्रोलच्या इंजिनासाठी एसनं सुरू होणारी, डिझेलसाठी सीनं. पेट्रोलचं एसएफ १९८० मधलं, एसजी १९८९ मधलं, एसएल २००१, एसएन २०१०, एसपी २०२०. मधलं एसआय आणि एसके कधी आलंच नाही. मतदार यादीतून काही घरं गळतात तशी ती गळली. पुढचं अक्षर मागच्याची जबाबदारी अंगावर घेतं, म्हणून नव्या अक्षराचं ऑइल जुन्या गाडीला चालतं, नव्या गाडीला जुन्या अक्षराचं चालत नाही. मामांच्या बादलीवर सीएफ-४ होतं. आणि त्याला तिरकी रेघ देऊन शेजारी एसजी! डिझेलच्या बऱ्याच ऑइलांवर अशी जोडअक्षरं असतात. म्हणजे कंपनीनंच ते पेट्रोलच्या इंजिनाला चालेल असं लिहून दिलेलं. ज्या बादलीवर बसून मामांनी बांधाची भांडणं मिटवली, तिच्या पाठीवर काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"मग मी दुसरं काय म्हणतोय?" मामा म्हणाले.

वाईट एवढंच की मामा बरोबर निघाले ते चुकीच्या कारणानं, आणि अशा माणसाला पुन्हा चूक ठरवणं फार अवघड जातं. अक्षरं जुळली तरी आकडा बघावाच लागतो. बेअरिंगमधली फट केसाच्या जाडीहून कमी असते. तिच्यात शिरण्याइतकं पातळ आणि दाबाखाली पळून न जाण्याइतकं घट्ट, एवढंच ऑइलनं असायचं असतं. फार घट्ट असेल तर सकाळी थंड इंजिनात ते वर चढायला वेळ लावतं, आणि तोवर वरचे भाग कोरडे घासतात. पण 'एवढंच' हे माप मामांच्या घरात नाही. त्यांच्याकडे वाढताना सुद्धा कुणी 'एवढंच' म्हटलं तर अजून एक पळी पडते.

या घट्टभक्तीचं टोक म्हणजे 'नव्वद नंबर'. जुनी गाडी विकायला काढली की धूर आणि आवाज दाबायला इंजिनात गिअर ऑइल ओतणारे महाभाग सगळ्या महाराष्ट्रात सापडतात. चाळीसपेक्षा नव्वद दुपटीहून जास्त, असा त्यांचा सरळ हिशोब. प्रत्यक्षात गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी. त्यातलं नव्वद दाटपणाला इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच भरतं. धूर हवा तितका दबत नाही, आणि गिअरच्या दात्यांसाठी घातलेली गंधकाची रसायनं मात्र नको तिथं जाऊन बसतात. तेव्हा जुनी गाडी बघायला जायचं तर सकाळी, इंजिन गार असताना जावं. मालक म्हणाला, "तुम्ही येणार म्हणून आत्ताच गरम करून ठेवलीय," तर त्याचा चहा घ्यावा आणि परत यावं.

मामांच्या बरोबर उलटं टोक हिंजवडीत राहतं. भाचा सुट्टीला गावी येतो तेव्हा त्याच्या बॅगेत कपडे कमी आणि मतं जास्त असतात. त्यानं फुल सिंथेटिक, तेही ०डब्ल्यू-२०, सुचवलं आणि बर्फाच्या देशातला एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक माणूस दोन बाटल्या शेजारी शेजारी ओतत होता; एकीतून धार पडत होती, दुसरीतून काहीच पडत नव्हतं.

"बघितलं ना?" भाचा म्हणाला.

"बघितलं. त्याच्या मागं बर्फ होता. आपल्या मागं कडब्याची गंज आहे."

भाच्याचं अर्धं बरोबर होतं, हे त्याच्यासमोर बोललो नाही. सिंथेटिक म्हणजे पातळ हा समज खोटा आहे. ५डब्ल्यू-४० सिंथेटिक गरम झालं की २०डब्ल्यू-४० साध्या ऑइलइतकंच दाट राहतं, आणि गरमीला जास्त दिवस टिकतं. पण वीस नंबर हा नव्या, घट्ट मापाच्या इंजिनांचा. तो आला मुख्यतः इंधन वाचावं म्हणून. तीस वर्षं घासून ढिल्या झालेल्या फटींतून ते भरकन निघून जातं. शिवाय नव्या पातळ ऑइलांत झीज अडवणारं फॉस्फरस ०.०८ टक्क्यांवर रोखलेलं असतं, धुराच्या नळीतल्या कन्व्हर्टरला त्याचा त्रास होतो म्हणून. आमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. दुसऱ्याचं पथ्य तिनं का पाळायचं?

असलं पातळ ऑइल घालून आळेफाट्याच्या चौकात कांद्याच्या ट्रकांमागं दहा मिनिटं उभं राहिलं की डॅशबोर्डवर एक तांबडा दिवा मिचमिचायला लागतो. त्यावरचं चित्र मोठं फसवं आहे: चोच असलेली बुधली आणि चोचीतून पडणारा थेंब. मामींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा आम्ही ओझरला निघालो होतो. "गणपतीच्या वाटेला समई लागली गं बाई," म्हणून त्यांनी हात जोडले. मागच्या सीटवरच्या दोघींनीही जोडले.

हा दिवा ऑइल किती उरलंय ते दाखवत नाही, त्याचं प्रेशर गेलं हे दाखवतो. म्हणजे त्यानं सांगेपर्यंत बहुतेक गोष्टी होऊन गेलेल्या असतात. तो पेटून राहिला तर इंजिन ताबडतोब बंद करून जागच्या जागी थांबावं, असं पुस्तिका म्हणते. लिहिणाऱ्यानं रात्री साडेअकराला पिंपळवंडीचा ऊस पाहिलेला नसावा. इंजिन बांधलं तर वीस-पंचवीस हजारांत सुटतं. बिबट्याला हा हिशोब समजावायला मी तरी खाली उतरणार नाही.

चुलत्यांची तऱ्हा निराळी. या दोन तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला गेली, कुणी डबे पोचवायला, कुणी बाजारात माथाडी म्हणून. चुलते गेले आणि निवृत्त होऊन आले ते प्रीमियर पद्मिनी घेऊन. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सीचं वय ३० ऑक्टोबर २०२३ ला भरलं आणि ती रस्त्यावरून गेली. चुलत्यांची खासगी, म्हणून ती अजून आंब्याखाली उभी आहे. त्यांच्या उमेदीत ऑइलला एकच नंबर असायचा. उन्हाळ्यात चाळीस, हिवाळ्यात तीस. दोन नंबरांचं ऑइल हा प्रकार त्यांना मुळातच चारित्र्यहीन वाटतो.

"वीस तरी म्हणा नाहीतर चाळीस म्हणा. एका पक्षात राहायला काय होतं?"

मी म्हटलं, "आप्पा, त्यात पॉलिमरच्या लांब साखळ्या असतात. थंडीत आखडून बसतात, गरमीत पसरतात. म्हणून ते दोन्हीकडं चालतं."

"कायम चालतं?"

"नाही. चालून चालून साखळ्या तुटतात. मग वरचा नंबर खाली येतो."

आप्पांचा चेहरा उजळला. "म्हणजे शेवटी पातळच होतं ना! महाराष्ट्रात मी दुसरं काय बघतोय?"

आमच्या शेजाऱ्यांकडे शर्यतीचे बैल आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं शर्यतींना परवानगी दिली आणि घाट पुन्हा धुरळ्यानं भरले, तेव्हापासून ते कोणत्याही गोष्टीकडे खुराक म्हणून बघतात. गाडी चढाला दम टाकते? ऑइलमध्ये ताकदीची बाटली टाका. बारीच्या आधी बैलाला जे देतात त्या मानानं ते स्वस्तच सुचवत होते. त्यांच्या वडिलांनी मात्र एक वेगळीच गोष्ट काढली. "आमी चाकाला एरंडेल घालायचो," म्हातारबाबा म्हणाले. पोरं हसली. हसायचं कारण नव्हतं. चार्ल्स वेकफिल्ड नावाच्या माणसानं १८९९ मध्ये लंडनला वंगणाची कंपनी काढली आणि तिच्या ऑइलमध्ये एरंडेल घातलं. कॅस्ट्रॉल हे नाव त्या एरंडेलाचंच. पहिल्या महायुद्धातल्या कितीतरी विमानांच्या इंजिनांत एरंडेल असायचं. ते इंजिनाबाहेर उडायचं, नाकातोंडात जायचं आणि वैमानिकांची पोटं बिघडायची, असं सांगतात. म्हातारबाबांना ही शेवटची गोष्ट सर्वांत पटली.

आता दुकान. इथं ऑइलपेक्षा झाकण महत्त्वाचं. पुष्कळ कंपन्या डब्यात मेस्त्री लोकांसाठी कूपन ठेवतात; पॉइंट साठले की भेटवस्तू. तेव्हा एखाद्या मेस्त्रीची वर्षानुवर्षांची निष्ठा एका कंपनीवरून अचानक दुसरीकडे गेली, तर इंजिनशास्त्रात शोध लागला असं समजू नये. घरात मिक्सर हवा असेल. दुसरी गोष्ट रिकाम्या डब्याची. चांगल्या कंपनीचा धड डबा भंगारात गेला की त्याचा पुनर्जन्म होऊ शकतो, आणि पुनर्जन्मात आत कोणता आत्मा असेल ते सांगता येत नाही. म्हणून डबा रिकामा झाला की त्याला खिळ्यानं भोकं पाडावीत. आमच्याकडे हे काम मुलांना दिलंय. घरातलं एवढं एकच काम ते सांगायच्या आधी करतात.

या सगळ्या गर्दीत आमचे मेस्त्री फार कमी बोलतात. त्यांचं गॅरेज खोडदच्या बाजूला. तिथं जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या डिश आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकूण तीस, त्यातल्या चौदा जवळजवळ आणि बाकीच्या शिवारांतून दूरवर पसरलेल्या. दूरच्या तारकांकडून येणारे क्षीण रेडिओ संदेश त्या टिपतात. जागा निवडताना एक विचार असा होता, की माणसानं केलेला रेडिओ गोंगाट इथं कमी आहे. (पेट्रोल गाडीचा स्पार्क प्लगही असला गोंगाट करतो. अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीजवळ म्हणून डिझेलच्याच गाड्या नेतात. हे मामांच्या कानावर जाऊ नये एवढीच विनंती.) मेस्त्रींचं उपकरण म्हणजे फूटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. आळ्याला वेद बोललेल्या रेड्याची समाधी आहे. त्या मुलखात इंजिनानं बोलावं यात कुणाला नवल वाटत नाही.

"टॅपेट," मेस्त्री डोळे न उघडता म्हणाले.

"घट्ट ऑइल टाकलं तर?"

"आवाज जाईल. टॅपेट तसंच राहील."

मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली आणि एक थेंब कालच्या पेपरवर पाडला. तो एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीवर पडला, त्याला इलाज नाही. पेपरात दुसरी कोरी जागा नव्हती. थेंब पसरत गेला. कडेपर्यंत हलका होत गेला तर ऑइलमध्ये अजून मळ धरून ठेवायची ताकद आहे. मध्येच काळा गोळा होऊन कडक किनार उमटली तर ती संपली. नुसतं काळं झालं म्हणून ऑइल वाईट ठरत नाही. काजळी धुऊन स्वतःत धरून ठेवायची, हेच त्याचं काम. पाच हजार किलोमीटर झाले तरी पिवळंधमक राहणाऱ्या ऑइलनं आत काय केलं, ही शंका घ्यायला हवी. आमच्या थेंबाला मात्र चांगली ठसठशीत किनार आली, पुढाऱ्याच्या बरोबर कपाळावर.

"ट्वेन्टी-फॉर्टी. खात्रीच्या दुकानातलं. फिल्टरसकट. पाच हजारला, नाहीतर सहा महिन्याला."

"कोणत्या कंपनीचं?"

मेस्त्रींनी खांदे उडवले आणि दुसऱ्या गाडीखाली गेले. त्यांच्याकडे मिक्सर आहे.

सहा महिन्यांची अट आमच्या मापाची आहे. आमची गाडी वर्षाला फार धावत नाही. बँकेत जाते, दूध डेअरीला जाते, आणि इंजिन नीट तापायच्या आत परत येते. अशा फेऱ्यांत पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्येच मुरतं. झाकण उघडलं की आतून पांढरट पिवळी साय दिसते. तशी दिसली की आधी हेड गॅस्केट बघावं, ते ठीक असलं तर गाडीला एकदा भीमाशंकरला नेऊन आणावं. तेवढ्या चढाला तिचा घसा मोकळा होतो. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलंय आणि ते पाणी ओढतं, जुन्या कार्ब्युरेटरचे रबरी भागही त्याला वैतागतात. पण ते उसाचं, म्हणून आमच्याकडे त्याविरुद्ध बोलायची सोय नाही. मी विषय काढला तर मामा म्हणाले, "मपला ऊस पिऊन तुपली गाडी चालती, आणि वर तक्रार?"

ऑइल भरून झाल्यावर लेव्हल बघायची ती गाडी सपाटीला लावून. जुन्नर तालुक्यात एवढं एक वाक्य लिहायला सोपं आहे. आमच्या अंगणाचा उतार पुढं, शेजाऱ्यांचा मागं, रस्त्याचा दोन्हीकडं. उतारावर पट्टी काढली की एकदा ऑइल भरपूर दिसतं आणि गाडी वळवून काढली की तळाला जातं. सपाट जागा दोनच: शाळेचं मैदान आणि जुनं खळं. खळ्यावर गाडी नेली, पाच मिनिटं थांबलो, पट्टी पुसली, पुन्हा घातली, काढली. दोन खुणांच्या मध्ये बरोबर. वरच्या खुणेच्या पलीकडं गेलं तरी वाईटच. जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि त्याला फेस येतो. तेवढ्यात मोटारसायकल थांबली. "काय झालं?" मी पट्टी लपवली.

काढलेल्या ऑइलला मात्र नव्यापेक्षा जास्त मागणी असते. इंजिन गरम असतानाच बोल्ट काढला आणि खाली घमेलं लावलं. सुमारे तीन लिटर काळी धार पडेपर्यंत बातमी वस्तीवर गेली होती. सेंट्रिंगवाल्याला प्लेटांना लावायला पाहिजे होतं. शेजाऱ्यांना गेटच्या बिजागऱ्यांना. आप्पांना पद्मिनीच्या पाट्यांच्या स्प्रिंगला. मी सांगत होतो की हे ओढ्यात, विहिरीजवळ सांडू नका, असं ऑइल गोळा करून प्रक्रियेला देतात. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापल्या बाटल्या पुढं केल्या.

मामा सर्वांत शेवटी आले, गोठ्याच्या मेढीला वाळवी लागली होती म्हणून. घमेल्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी दोन बोटं बुडवली, चोळली, नाकाशी नेली, पुन्हा चोळली. चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"हां," ते म्हणाले, "याला म्हणायचं ऑइल! हे रं कोणत्या कंपनीचं?"